मंगळवारचं आइंडहोवन आणि आखाजीचं गाव

वाचकाचं पत्र, थोडक्यात: रावेर तालुक्यातल्या एका गावच्या, सध्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला राहणाऱ्या भगिनीने लिहिलं आहे. कापडछपाईच्या डिझाइनचं रीतसर शिक्षण, चादरी आणि ड्रेस मटेरियलच्या कामाचा सहा वर्षांचा अनुभव. नवऱ्याच्या नोकरीमुळे अडीच वर्षांपूर्वी त्या तिकडे गेल्या. जळगावचे एक व्यापारी अजूनही त्यांच्याकडून डिझाइन मागतात, पण आता काही सुचतच नाही. त्या लिहितात: "गावी डोळे उघडले की रंग होते. आखाजीचे झोके, कानबाईची मिरवणूक, पोळ्याच्या झुली. इथे सगळं राखाडी आणि सरळ रेषेत. व्यापारी म्हणाले तिकडचं काहीतरी नवीन पाठवा, म्हणून ट्युलिप आणि पवनचक्क्या काढल्या, त्या त्यांनी परत पाठवल्या. गावाकडचं काढायला बसले तर केळीचं पान आणि कोयरी, तीही कॅलेंडरवरच्यासारखी. फोनमध्ये चार हजार फोटो आहेत. रात्री पिंटरेस्ट चाळत झोपते. नवरा म्हणतो म्युझियमला जा. मला वाटतं, जानेवारीत गावी गेले की तिथेच काय ते सुचेल. तोवर वाट बघू, की हे काम सोडूनच देऊ?"

ताई,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट लगेच लक्षात येते. गावाबद्दल लिहिताना तुम्ही सणांची नावं घेतलीत आणि आइंडहोवनबद्दल लिहिताना साध्या दिवसाचं वर्णन केलंत. एका पारड्यात आखाजी, कानबाई आणि पोळा, दुसऱ्यात फेब्रुवारीतला कुठलातरी मंगळवार. अशा तुलनेत आइंडहोवन हरणारच. त्याच मंगळवारी रावेरकडे काय दिसतं तेही आठवून बघा: बांधावर गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या, घड भरून निघालेला ट्रक, अंगणात रचलेल्या कपाशीच्या काड्या, दुपारच्या उन्हात फिका पडलेला सगळा रंग. यातलं काही तुम्ही तिथे असताना कधी कागदावर उतरवलं होतं का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

दुसरी शंका विचारतो, राग मानू नका. सहा वर्षं तुम्हाला जे सुचत होतं ते गावामुळे सुचत होतं, की कामाच्या जागेमुळे? छपाईच्या युनिटमध्ये कलर मास्टर असतो, "हा ग्राउंड (मागचा रंग) मारून टाकेल" असं तोंडावर सांगणारा कोणीतरी असतो, पुढच्या आठवड्याची ऑर्डर असते, कालचा बिघडलेला कापडाचा तागा समोर पडलेला असतो. डोक्याला रोजचं खाद्य तिथून मिळतं. ते बंद झालं आणि त्याच सुमारास देशही बदलला, म्हणून दोष देशावर गेला. हा माझा अंदाज आहे, पण तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या बऱ्याच जणींच्या बाबतीत तो लागू पडतो. मग जानेवारीची वाट पाहून काय होईल तर तीन आठवडे भरपूर फोटो निघतील, चार हजारांचे सहा हजार होतील आणि फेब्रुवारीत तुम्ही परत त्याच टेबलापाशी बसलेल्या असाल.

तुमच्या गावाजवळच्याच फैजपूरचं उदाहरण घ्या. 1936 साली तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. त्याच्या सजावटीचं काम गांधीजींनी शांतिनिकेतनच्या चित्रकार नंदलाल बोसांवर सोपवलं. बंगालहून आलेल्या माणसाला खानदेश परकाच. त्यांनी आजूबाजूला मिळणारा बांबू, गवत असं खेड्यातलंच सामान घेतलं आणि त्यातून सगळं उभं केलं. तुमच्या दृष्टीने जे रोजचं, ते त्यांच्या दृष्टीने नवीन होतं, आणि सणाची वाट न पाहता त्यांनी समोर पडलेल्या वस्तूंवर काम केलं. आज तुम्ही आइंडहोवनमध्ये त्यांच्याच जागी आहात.

आता ट्युलिपचं. व्यापाऱ्याने ते परत पाठवले यात तुमच्या हाताचा दोष नाही. ट्युलिप आणि पवनचक्की ही सगळ्यांनी आधीच पाहिलेली चित्रं आहेत. ती सुरतेत बसलेला माणूस दोन दिवसांत काढून देतो, त्यासाठी आइंडहोवनला राहायची गरज नाही. केळीचं पान आणि कोयरीचंही तेच झालं. दोन्ही वेळा तुम्ही गावाची किंवा देशाची निशाणी काढलीत. डिझाइनला निशाणी फारशी उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ती रचना: वस्तू कशी बांधली आहे, तिचा नियम कोणता, आणि तो कुठे मोडतो. आकृती सगळ्यांना दिसते. नियम बघायला मात्र तिथे उभं राहावं लागतं, आणि उभं राहायला तुम्ही तिथे आहात.

दारापासूनच सुरुवात करा. तिकडच्या वस्तीतल्या गल्ल्या बऱ्याच ठिकाणी भाजक्या विटांच्या असतात. विटा वाळूवर, सिमेंट न घालता ठोकून बसवलेल्या असतात. खालची पाइपलाइन दुरुस्त करायची झाली की विटा उचलतात, काम करतात आणि त्याच विटा परत लावतात. जिथे गाड्या वळतात, ब्रेक मारतात, तिथे विटा काटकोनात एकमेकींत अडकवलेल्या दिसतील, आपण हेरिंगबोन म्हणतो तशा. सरळ रांगेतली वीट चाकाच्या रेट्याने हळूहळू सरकते, अडकवलेली सरकत नाही. फुटपाथवर तेवढा भार नसतो, म्हणून तिथे साधी रांगही चालते. हेरिंगबोन तिरका असला की काठाला त्रिकोणी फटी राहतात, त्या भरायला पाच कोनांची खास वीट मिळते. डच गवंडी तिला बिशपची टोपी म्हणतात.

आणि आता गावच्या बाजेची वीण आठवा. सुतळी तिरकी जाते, एकीखालून दुसरी निघते, पायथ्याला दावण ओढून ताण दिलेला असतो. बाज आणि रस्ता दोन्हीकडे कारागिरापुढचा प्रश्न एकच आहे: भार पडला तरी जागचं हलता कामा नये. खानदेश आणि ब्राबांट (तुमचं आइंडहोवन ज्यात येतं तो प्रांत) यांची गाठ अशी रचनेत पडते. पवनचक्कीशेजारी कोयरी काढून ती पडत नाही.

काम असं करा. पाचव्या आकाराचे, म्हणजे ए-फाइव्ह, कागद घ्या. एकच जागा निवडा, दोन पावलांपेक्षा मोठी नको. आठवड्यातले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं, वेगवेगळ्या वेळी तिथेच जा. कागदावर चार ओळी आखा: माप, नियम, बिघाड, रंग. माप टेपने घ्या, अंदाजाने नको. विटेची लांबी, जाडी, दोन विटांमधली सांध. नियम म्हणजे एका विटेचं टोक दुसरीच्या कुठे टेकतं. पहिल्या दिवशी चित्र काढूच नका, फक्त या चार ओळी भरा.

सर्वांत जास्त वेळ बिघाडाला द्या. रस्ता उकरून परत लावलेला तुकडा शोधा. तिथे विटांची दिशा किंचित चुकलेली असेल, जुन्या झिजलेल्या जांभळट विटांत दोन-चार नव्या नारिंगी आल्या असतील, कुठे अर्धी वीट असेल, सांधीत शेवाळ असेल, गटाराच्या गोल झाकणाभोवती विटा कापून बसवलेल्या असतील. नुसता नियम छापला तर वॉलपेपर होतो. नजर थांबते ती बिघाडावर.

तिसऱ्या दिवशी ठसा उतरवा. बटर पेपरसारखा पातळ कागद विटेवर धरा आणि मेणाचा खडू आडवा धरून हलक्या हाताने घासा. वीट कोरडी हवी, ओल्या विटेवर कागद फाटतो आणि मेण धरत नाही. आधी कोरड्या ब्रशने वाळू झाडा, नाहीतर प्रत्येक कणाचा पांढरा ठिपका उठतो. पाऊस सारखा असेल तर पोर्चखालची भिंत घ्या, तिथे विटांची रचना वेगळी मिळेल पण काम तेच. हा ठसा 600 डीपीआयवर स्कॅन करून ठेवा. पुढे दुप्पट मोठा केला तरी कड फुटणार नाही.

रंगासाठी फोनवर विसंबू नका. ढगाळ दिवशी फोन स्वतःच रंग उबदार करतो, संध्याकाळी निळा करतो, आणि तुम्हाला वाटतं तेच पाहिलं होतं. भरतकामाचे नंबर असलेले धागे घ्या. साधारण 4 सेंटीमीटर रुंद आणि 15 सेंटीमीटर लांब पुठ्ठ्याची पट्टी कापा, मागे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. मग विटेजवळ धागा धरून जुळवा आणि जो रंग जितका दिसतो तितके वेढे घाला. उदाहरणार्थ साठ वेढ्यांत चौतीस जांभळट तपकिरी, चौदा फिकट नारिंगी, आठ राखाडी, चार शेवाळी. वेढ्यांचं प्रमाण हीच खरी नोंद आहे. तेच चार रंग सम प्रमाणात घेतले तर पट्टी मेलेली दिसते, कारण चार वेढ्यांच्या शेवाळी रंगामुळेच बाकीचे जिवंत होत होते. पट्टीच्या मागे धाग्यांचे नंबर, तारीख आणि आभाळ कसं होतं ते लिहा. कलर मास्टरला स्क्रीनवरचा रंग पाठवू नका, जळगावला जाणाऱ्या कुणाबरोबर धाग्याचा तुकडा पाठवा. तुमच्या फोनचा तपकिरी आणि त्यांच्या फोनचा तपकिरी कधीच एक नसतो.

राखाडीबद्दल तुमची तक्रार आहे, पण रंग टिपायला ढगाळ उजेडासारखा उजेड नाही. सावली कडक पडत नाही, चमक नसते, रंग जसा आहे तसा दिसतो. मे महिन्यात जळगावला बाराच्या उन्हात हेच काम करून बघा, निम्मे रंग उन्हाने पुसलेले असतात. आइंडहोवनला लागूनच असलेल्या न्यूनेन गावात व्हॅन गॉग 1883 ते 1885 राहिला. तिथल्या मागावर बसलेल्या विणकरांची चित्रं त्याने एकामागून एक काढली, पक्ष्यांची घरटी गोळा करून तीही रंगवली. बटाटे खाणाऱ्या शेतकरी कुटुंबाच्या चित्राचा रंग त्याने भावाला पत्रात न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्याचा म्हणून सांगितला होता. ज्याला तुम्ही राखाडी म्हणता त्याच आभाळाखाली हे झालं. डिसेंबरात तिथे दिवस आठ तासांपेक्षाही लहान असतो, त्यामुळे पंधरा मिनिटं दुपारी बारा ते दोनमध्ये बसवा, दिव्याखाली रंग जुळवू नका.

आठवड्याच्या शेवटी दोन तास काढून रिपीट, म्हणजे कापडावर परत परत येणारा नक्षीचा तुकडा, बांधा. इथे एक हिशेब आधीच केला तर नंतरचं रडणं वाचतं. रोटरी स्क्रीनचा, म्हणजे छपाईच्या फिरत्या जाळीदार नळकांड्याचा, नेहमीचा घेर 64 सेंटीमीटर असतो. म्हणजे रिपीट 64, 32, 21.3 किंवा 16 सेंटीमीटर बसतं. तुम्ही 30 वर काढलंत तर युनिटवाला ते ताणून 32 करणार, आणि बारीक रेघा जाड होणार. (हे यंत्रही तुमच्या शेजारचंच आहे: ब्राबांटमधल्या बॉक्समेर गावच्या स्टॉर्क कंपनीने रोटरी स्क्रीनची छपाई 1963 मध्ये बाजारात आणली.) तुमचे व्यापारी हातस्क्रीनवर छापत असतील तर टेबलाचं माप आधी विचारून घ्या, तिथे हिशेब वेगळा.

ए-फोर कागदातून 16 सेंटीमीटरचा चौकोन कापा. वीट 4 सेंटीमीटर लांब आणि 1 सेंटीमीटर रुंद घ्या, काठाला समांतर. असा हेरिंगबोन आडवा आणि उभा दर 8 सेंटीमीटरला परत येतो, म्हणजे 16 मध्ये नीट दोनदा बसतो. तीनास एक असं माप घेतलंत तर तो दर 6 ला परत येतो, 16 ला 6 ने भाग जात नाही, आणि कड जुळता जुळत नाही. पुष्कळ जणी इथे अडकतात आणि आपला हातच चुकतोय असं समजून पान फाडतात. सुरुवातीला 45 अंशांत फिरवूही नका, तिरक्यात मापं पूर्ण आकड्यांत येत नाहीत.

आता विटेच्या जागी वीट काढू नका. गोधडीचा धावदोरा आठवा. प्रत्येक विटेच्या जागेत धावदोऱ्याच्या तीन समांतर ओळी घाला, टाका थोडा लहानमोठा, हाताने घातल्यासारखा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नका, छपाईत ती तुटते नाहीतर भरून येते. मग तुमच्या नोंदीतले बिघाड आणा: एका कोपऱ्यात दिशा चुकलेला तुकडा, दोन-तीन जागी वेगळ्या रंगाचे टाके. ग्राउंड सोडून चार रंगांवर थांबा, कारण प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते आणि तिचा खर्च व्यापारी मोजतो.

कागद उभा मधोमध कापा, डावी बाजू उजवीकडे न्या, मागून टेप लावा. मग आडवा कापून वरचा भाग खाली न्या. आता मूळच्या कडा मध्यभागी आल्या, तिथे काही तुटलेलं दिसत असेल तर भरून घ्या. याच्या नऊ प्रती काढून तीनास तीन अशा भिंतीवर लावा आणि तीन मीटर लांबून बघा. इथे सगळ्यांचा हमखास घोटाळा होतो: जो बिघाड तुम्ही प्रेमाने घातला, तो दर 16 सेंटीमीटरला तिथल्या तिथे येतो आणि कापडावर उभे-आडवे पट्टे दिसू लागतात. दोन उपाय आहेत. रिपीट 32 चं करा आणि बिघाड चार ठिकाणी विस्कळीत पसरा, किंवा हाफ ड्रॉप घ्या, म्हणजे शेजारची रांग 8 सेंटीमीटर खाली सरकते. हेरिंगबोन दर 8 लाच परत येत असल्याने हाफ ड्रॉपमध्येही तो तुटत नाही. चादरीसाठी मी 32 घेईन. ड्रेस मटेरियलला 16 चा हाफ ड्रॉप पुरतो, शिवणीत आणि घड्यांत पट्टे लपतात.

असं एक मोठं डिझाइन झालं की त्याच नोंदींतून दोन लहान काढा: उशीच्या अभ्र्यांसाठी नुसता नियम, बिघाड नाही, आणि काठासाठी धाग्याच्या पट्टीचे रंग, त्याच प्रमाणात. व्यापाऱ्याला तिन्ही एकत्र पाठवा. सुटं डिझाइन परत पाठवणं सोपं असतं, पूर्ण सेट पाहिला की तो चादरीचा विचार करायला लागतो.

विटांनंतर काय, हे तुम्ही विचारणारच. जुन्या सामानाच्या दुकानात डच टाइल दिसेल, साधारण 13 सेंटीमीटरची, पांढऱ्यावर निळी. मधलं चित्र सोडा, कोपरे बघा. प्रत्येक कोपऱ्यात लहानशी खूण असते आणि चार टाइल जवळ आल्या की चार खुणांची मिळून एक नवी नक्षी होते. रिपीटचा हा फार सुरेख धडा आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हाताला तो सांगावा लागत नाही. ब्राबांटमधल्या जुन्या शेतघरांसमोर लिंडेनची झाडं काठ्यांना बांधून चपटी वाढवलेली असतात, हिवाळ्यात त्यांचा नुसता सांगाडा दिसतो. घरोघरच्या खिडकीत एकसारख्या दोन कुंड्या ठेवलेल्या असतात. जागा बदला, पद्धत तीच ठेवा. लोकांच्या खिडकीतून आत फोटो मात्र काढू नका. कागदावर नोंद करा, ती कुणाला खटकत नाही.

नवऱ्याचा सल्ला चुकीचा नाही, फक्त लवकर दिला गेलाय. आधी चार आठवडे दारातलं काम करा, मग टिलबर्गच्या टेक्स्टील म्युझियमला जा. जुन्या कापडगिरणीत ते आहे आणि तिथल्या कार्यशाळेत माग आणि विणाईची यंत्रं चालू असताना बघता येतात. तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असेल. हेल्मोंड तर अगदी जवळ, तिथली व्लिस्को कंपनी 1846 पासून कापड छापते. जावाच्या बाटिकची नक्कल यंत्रावर करायला डच कारखानदार गेले, मेणासारख्या लेपाला तडे जाऊन बारीक रेषा उठू लागल्या. जावाच्या लोकांच्या लेखी तो दोष, पश्चिम आफ्रिकेच्या गिऱ्हाइकांना नेमका तोच आवडला. बिघाडाची किंमत समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही. शनिवारी युट्रेख्टला ब्रीडस्ट्राटवर कापडाचा बाजार भरतो, तिथे कापडाचा पन्हा आणि पोत हाताने चाचपता येतील. आणि घरबसल्या: राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर हक्क संपलेल्या कलाकृतींची मोठ्या आकाराची चित्रं मोफत उतरवता येतात, ती व्यवसायातही वापरता येतात. कोरोमंडल किनाऱ्यावरून डच जहाजांनी नेलेलं रंगीत छिटाचं कापडही तिथल्या संग्रहात आहे. आपल्याकडचं कापड तीनशे वर्षांपूर्वी त्या देशाच्या अंगावर होतं, हे बघून यावं असंच आहे.

पिंटरेस्टचा प्रश्न वेगळा. तिथलं चित्र कुणाचं ते बहुतेक वेळा कळत नाही, आणि उचललेलं डिझाइन छापलं गेलं तर तगादा तुमच्या व्यापाऱ्याकडे जातो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे रात्री शंभर तयार डिझाइन बघून सकाळी स्वतःची वीट फिकी वाटते. रात्री चाळणं बंद करा. रिपीट बांधून झाल्यावर, असं काही आधी झालंय का ते तपासायला दिवसा उघडा. चार हजार फोटोंचं असं करा: एकही न उघडता घरचं अंगण आठवणीने काढा, दहा मिनिटांत. त्या कागदावर जे आलं ते तुमच्या नजरेने धरून ठेवलेलं आहे. मग फक्त त्याच वस्तूंचे फोटो शोधा. वीसेक निघतील, तेवढे छापून भिंतीवर लावा, बाकीचे फोनमध्येच राहू द्या. आईला फोन कराल तेव्हा सणाचे फोटो मागू नका. पायऱ्यांशी पडलेलं सूप, जळालेल्या वांग्याचं साल, काड्यांची गंजी मागा. भरताचं आपलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं वांगं भाजण्याआधी आणि नंतर. सावलीत, बरोबर वरून, शेजारी काडेपेटी ठेवून काढायला सांगा, म्हणजे माप कळतं.

सातपुड्यातल्या पावरा, भिल्ल बायकांचे चांदीचे दागिने आणि भिंतीवरची चित्रं तुम्हाला खुणावतील, कारण परदेशात त्यांना "आपलं" म्हणून दाखवणं सोपं जातं. ती त्या समाजाची आहेत, अख्ख्या खानदेशाने उचलावीत अशी नाहीत. घ्यायचंच असेल तर तिथल्या कारागिराला विचारून, नाव देऊन आणि पैसे देऊन घ्या.

काम सोडायचं की नाही हे हिवाळ्यात ठरवू नका. नवी भाषा, मैत्रिणी नाहीत, उजेड नाही, आणि सहा वर्षांचं काम सुटल्यासारखं झालंय. न सुचण्याचा काही भाग या सगळ्याचा आहे, डिझाइनचा नाही. घराची आठवण येणं हा दोष नव्हे. पण झोप बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि हे असंच सांगा. आणि आठवड्यातून एकदा जुन्या युनिटमधल्या कुणाला व्हिडिओ कॉल करून नऊ प्रती लावलेली भिंत दाखवा. तोंडावर चूक सांगणारं माणूस तुम्हाला परत हवंय.

राहिली जानेवारी. गावी जाच, पण एकच काम घेऊन जा: केळीचं पान सोडून केळीच्या पानाचा दांडा. तो आडवा कापला की आत हवेच्या कप्प्यांची जाळी असते, पातळ भिंतींची, ओळीने लागलेली. खोडाचं सोपट कापलं तरी तशीच जाळी, फक्त वाकलेली. धारदार पात्याने बरोबर काटकोनात कापा. तिरकं कापलं तर अर्धाच ठसा उठतो. तुकडा कापलेल्या बाजूने रद्दीवर वीस मिनिटं उपडा ठेवा, पाणी आणि चीक निथळू द्या. त्या चिकाचा तपकिरी डाग कपड्यावरून जात नाही, तेव्हा जुनं लुगडं नाहीतर जुना गाऊनच घाला. स्पंजवर पोस्टर कलर घट्ट पसरा, पातळ रंगाने कप्पे भरून जाळीचा गोळा होतो. पहिला ठसा रद्दीवर, मग कागदावर तीन-चार, त्यानंतर कप्पे दबतात, म्हणून अर्धा सेंटीमीटर चकती कापून नवा तुकडा काढा. कोवळ्या आणि जून दांड्याचे, वरच्या आणि खालच्या टोकाचे वेगवेगळे ठसे घ्या, प्रत्येकाखाली माप लिहा. दांड्याचे तुकडे बॅगेत घालून नेऊ नका. युरोपात झाडाचे भाग न्यायला वनस्पती आरोग्याचा दाखला लागतो, विमानतळावर ते काढून घेतील. कागद दोन दिवस सावलीत वाळवा, मध्ये वर्तमानपत्राऐवजी कोरे कागद घाला म्हणजे शाई उतरत नाही, आणि पुठ्ठ्यात सपाट बांधून हातातल्या बॅगेत ठेवा.